चारी चाकांनी ओढणारी गाडी म्हणजे नेमकं काय?

माझा मावसभाऊ जालन्यात सरकी-ढेपेचा व्यापार करतो. दिवाळीत फराळाला आला आणि करंजी हातात घेण्याआधी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. बीएमडब्ल्यूच्या एम३४०आय एक्सड्राइव्ह या सेडानची माहिती होती. २९९८ सीसीचं सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. "दादा, हे समदं वाचलं मी. पण चालवताना ह्यातलं मला काय कळणार ओ? अन् चारी चाकानं वढती म्हणजे नेमकं काय करती?"

प्रश्न इतका रास्त होता की त्याला तिथल्या तिथे उत्तर देताच आलं नाही. आपल्याकडे महागड्या गाड्यांचं अप्रूप नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्याच शहराच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडा बनते, पुढे ऑडीही बनू लागली. गाड्या आपल्या अंगणात जोडल्या जातात, दारात उभ्या राहतात, पण त्यांच्या कागदावर काय लिहिलंय हे समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हा लेख, भावासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. उदाहरण याच गाडीचं घेतो. तिच्या नावातलं 'एक्सड्राइव्ह' म्हणजे बीएमडब्ल्यूची चारही चाकांना जोर देणारी व्यवस्था. ही २०२१ मध्ये भारतात आली, तिची जोडणी चेन्नईत व्हायची. पुढे आकड्यांत थोडे बदल झाले, पण समजून घ्यायला हेच पुरेत.

सुरुवात टर्बोपासून करू. लोहाराचा भाता सगळ्यांनी पाहिलाय. कोळसा तोच, भट्टी तीच, पण भाता मारला की आग पेटून उठते, कारण जळायला हवा जास्त मिळते. इंजिनाचंही तसंच आहे. पेट्रोल कितीही ओता, ते जाळायला तेवढी हवा आत नसेल तर उपयोग शून्य. साधं इंजिन स्वतःच्या दमाने हवा ओढतं. टर्बो ती दाबून भरतो. आणि हा भाता हलवायला वेगळा माणूस लागत नाही. सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर एका छोट्या पंख्यावर सोडतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हे पंखे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. आपण 'टर्बो' हा शब्द आधी ट्रकच्या अंगावर वाचला, कारण डिझेलमध्ये तो लवकर रुळला.

आता एक अडचण. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तेच. मे महिन्यात परभणीत ४४ अंश उन्हाळा असताना हवा दुप्पट दाबली, तर ढोबळ हिशेबाने ती १३५ अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ, म्हणजे भात्याने मिळवलं त्यातलं बरंचसं उष्णतेने खाल्लं. शिवाय इतक्या गरम हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिनातून खडखड येते. त्यासाठी मध्ये इंटरकूलर बसवतात, दाबलेल्या हवेला थंड करणारा रेडिएटर. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना हीच हवा दाबल्यावर ९५ अंशांपर्यंत जाते. शिवाय बाहेरची थंड हवा मुळातच दहा टक्क्यांनी दाट असते. त्यामुळे गाडी हिवाळ्यात पहाटे जास्त मोकळी पळते असं कुणी म्हणालं तर तो भास नाही, त्यात तथ्य आहे. टर्बोचा कॉम्प्युटर भाता थोडा जोरात मारून फरक बराच भरून काढतो, पूर्ण नाही. उंचीचंही तसंच. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. बिनटर्बोचं इंजिन तेवढी ताकद गमावतं, टर्बोवाल्याला ते फारसं जाणवत नाही.

टर्बोची जुनी तक्रार म्हणजे उशीर. विहिरीवरची मोटर चालू केली की पाणी लगेच शेवटच्या वाफ्यात पोचत नाही, पाट भरेपर्यंत थांबावं लागतं. तसंच ॲक्सिलरेटर दाबल्यावर धूर वाढणार, पंखा फिरणार, हवा दाबली जाणार, मग ताकद येणार. जुन्या टर्बो गाड्यांत या थांब्यानंतर एकदम धक्का बसायचा. या इंजिनात एकच टर्बो आहे, पण त्याला धुराच्या दोन वेगळ्या वाटा ठेवल्यात, तीन-तीन सिलिंडरची एक. दोन बायका एकाच उखळात कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली येतं, म्हणून ती एकमेकांना आपटत नाहीत आणि काम अखंड चालतं. एका सिलिंडरच्या धुराचा ठोका दुसऱ्याच्या आड येऊ नये, म्हणून ही विभागणी. त्यामुळे पंखा लवकर वेग घेतो.

याचा परिणाम कागदावर कुठे दिसतो? लोक ३८७ या आकड्याकडे बघतात. मी भावाला सांगितलं, बोट टॉर्कच्या ओळीवर ठेव आणि त्यापुढचा आरपीएम वाच. ५०० न्यूटन मीटर, साधारण १८०० ते ५००० आरपीएम. म्हणजे इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेऊ लागलं की पूर्ण पीळ हजर, आणि ५००० पर्यंत तो कायम. टॉर्क म्हणजे पीळ, पान्याने नट फिरवताना मनगटाला लागतो तो जोर. अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने लावता आला. पीळ तोच ५००, पण १८०० फेऱ्यांवर त्याची ताकद होते सव्वाशेच्या आसपास अश्वशक्ती, आणि ५००० फेऱ्यांवर साडेतीनशेच्या वर. ३८७ हा शिखराचा आकडा आहे, तिथे माणूस वर्षातून किती वेळा जातो? रोजच्या रस्त्यावर बदनापूरच्या पुढे उसाची ट्रॉली ओलांडताना इंजिन दोन हजारांच्या आसपासच असतं, आणि तिथे कामाला येतो तो खालचा पीळ. पाय जरासा दाबला की गाडी आरडाओरड न करता पुढे सरकते. या गाडीचा सगळ्यात मोठा गुण मला विचाराल तर हाच आहे, ४.४ सेकंद नव्हे.

शेंद्र्याशी नातं असलेली एक आठवण इथे सांगायला हवी. २००४ मध्ये स्कोडा ऑक्टाव्हियाचं आरएस हे रूप आपल्याकडे आलं, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. तेव्हा आमच्या गावात तेवढी ताकद ऐकून लोक थबकायचे. आज दीडशे अश्वशक्ती साध्या एसयूव्हीतही सापडते.

मग एवढा पीळ मिळाल्यावर तो चाकांनी रस्त्याला द्यायचा कसा? इथून भावाच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि मागचा दाता मिळून इंजिनाचा पीळ चौदापटीच्या आसपास वाढवतात. ५०० चे ७००० होतात. चाकाच्या त्रिज्येने भागलं की टायर रस्त्याला मागे रेटतो तो जोर निघतो, दोन टनांच्या ओझ्याएवढा. गाडीचं वजन माणसासकट पावणेदोन टनांच्या आसपास. आणि कोरड्या, चांगल्या डांबरावरही टायरची पकड त्याच्यावर पडलेल्या वजनाएवढीच, जेमतेम. गाडी जोरात निघते तेव्हा वजन मागे सरकतं, बैलगाडीत धुरेकडचा माणूस मागे रेलतो तसं. तेव्हा फक्त मागची दोन चाकं ओढत असतील तर त्यांच्यावर साधारण एक टन पडतं, म्हणजे पकड एक टनाची आणि जोर दोन टनांचा. चाकं जागच्या जागी फिरणार. फक्त पुढची ओढत असतील तर अवस्था आणखी वाईट, कारण वजन नेमकं त्यांच्यावरूनच उठतं. चारही चाकांना जोर दिला तर अख्ख्या गाडीचं वजन पकडीच्या कामी येतं. ४.४ सेकंदांचं गुपित इंजिनाइतकंच या वाटणीत आहे. भाता आणि चार चाकं ही एकमेकांची गरज आहे, एकाने कमावलेलं दुसऱ्याशिवाय रस्त्यावर उतरत नाही.

ही जोडी साध्या सडकेच्या गाडीत रुळवली ऑडीने. १९७६-७७ च्या हिवाळ्यात त्यांचे लोक फिनलंडच्या बर्फात गाड्या तपासत होते. सोबत फोक्सवॅगनची इल्टिस नावाची लष्करी फोर बाय फोर होती, अवघ्या ७५ अश्वशक्तीची. बर्फावर तिने जास्त ताकदीच्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांना मागे टाकलं. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने ते पाहिलं आणि तीच युक्ती मोटारीत घालायचा आग्रह धरला. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो उभी राहिली, पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती, चारही चाकं. पुढच्याच वर्षी मिशेल मूटन या फ्रेंच बाईने ती चालवत सान्रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली बाई. ही गोष्ट मी माझ्या भाचीला नेहमी सांगतो.

आता चार चाकांना जोर द्यायचा म्हणजे चारही चाकं एका दांड्याला बांधायची का? नाही, आणि याचं कारण आपल्या खळ्यात आहे. मळणीला तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. आतला बैल जवळजवळ जागेवर वळायचा, बाहेरच्याला मोठा फेरा पडायचा. वळणावर गाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या चाकांचं तेच होतं. दोघांना सारख्याच वेगाने फिरायला लावलं तर एकाला घासत जावं लागेल. म्हणून मध्ये डिफरन्शिअल असतं. ते जोर दोघांना सारखा देतं आणि वेग ज्याचा त्याला ठेवू देतं. पुढच्या आणि मागच्या जोडीचे फेरेही वळणावर वेगळे असतात, त्यामुळे त्या दोन्हींच्या मध्येही काहीतरी सोय लागते. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये ही मधली सोय नसते, म्हणून फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा खटका, लावून कोरड्या डांबरावर वळलं की गाडी अडखळते. ती व्यवस्था चिखल-वाळूसाठी आहे, रोजच्या सडकेसाठी नाही.

पण साध्या डिफरन्शिअलला एक खोड आहे. जू मधोमध बांधलेलं असतं. एका बाजूचा बैल ढिला पडला की जू तिरपं होतं आणि दुसरा कितीही तगडा असला तरी नांगराला त्याचा पूर्ण जोर लागत नाही. एक चाक चिखलात गेलं की ते भिंगरीसारखं फिरतं, आणि डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. काळ्या मातीत अडकलेल्या गाडीला हात लावलेल्या प्रत्येकाला हे दृश्य माहीत आहे.

या खोडीवर दोन वाटा निघाल्या. क्वाट्रोची, म्हणजे त्या गाडीवरून नाव पडलेल्या ऑडीच्या चारी चाकांच्या पद्धतीची, वाट दात्यांची. एस४ सारख्या ऑडीत मधलं डिफरन्शिअल नेहमीच्या चालीत ४० टक्के जोर पुढे आणि ६० टक्के मागे देतं. एका जोडीची पकड सुटली की दात्यांच्या घर्षणानेच ते आपोआप आवळतं आणि पकड असलेल्या बाजूला जास्त पाठवतं, मागे ८५ टक्क्यांपर्यंत किंवा पुढे ७० पर्यंत. कुणी हुकूम द्यावा लागत नाही. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हची वाट क्लचची. मागच्या चाकांना जोर कायम जातो आणि मधल्या पेटीतल्या चकत्यांचा क्लच आवळून पुढच्यांना हवा तेवढा दिला जातो. किती आवळायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि पायाचा दाब बघून. शिवाय एम३४०आयच्या मागच्या ॲक्सलवरचं डिफरन्शिअलही असंच आवळता येणारं आहे. गाडीवर ऑडीचं बोधचिन्ह आहे म्हणजे ती चारी चाकांनी ओढतेच, असं मात्र समजू नये. २०२१ नंतर आपल्याकडे विकली गेलेली ऑडी ए४ सेडान पुढच्याच चाकांनी चालते. घेताना 'क्वाट्रो' हा शब्द त्या विशिष्ट मॉडेलच्या कागदावर आहे का ते बघावं.

चालवताना हा फरक कळतो का? कळतो, आणि मला तो खुलताबादहून म्हैसमाळला चढताना कळला. जुलै होता, धुकं उतरलं होतं, रस्ता ओला. मित्राची हीच बीएमडब्ल्यू होती, तो शेजारी बसला होता. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या जोरकस गाडीत वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की नाक बाहेरच्या बाजूला सरकतं आणि स्टिअरिंग हातात ओढ घेतं, कारण त्याच दोन टायरांनी वळायचं आणि ओढायचं, दोन्ही. फक्त मागच्या चाकांची गाडी ओल्यात शेपूट टाकायला बघते. इथे तसं काही झालं नाही. वळणाच्या मध्यावर जपून पाय दिला, मागून रेटा आला, क्षणभराने पुढची चाकंही ओढायला लागली आणि गाडी ज्या रेषेवर ठेवली होती त्याच रेषेवर वर गेली. स्टिअरिंग हलकं आणि स्वच्छ राहिलं. हे इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवून बसवल्यामुळे पुढचं आणि मागचं वजन जवळपास निम्मं-निम्मं आहे, तोही हिशेब इथे लागतो. ऑडीत इंजिनाचा बराच भाग पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असतो, म्हणून तिची चाल थोडी नाकजड, पण पावसात जास्त निश्चिंत वाटते. मला बीएमडब्ल्यूची चाल आवडली. माझ्या मित्राच्या बायकोला ऑडीची, आणि तिचं कारणही पटण्यासारखं होतं: तिला रोज सिल्लोडला जायचं असतं आणि रस्त्यावर लक्ष कमी द्यावं लागलेलं बरं.

पण याच निश्चिंतीत धोका आहे, आणि भावाला मी सगळ्यात जास्त वेळ हेच सांगितलं. चार चाकांचा जोर फक्त गाडी पळवायला आहे, थांबवायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, अगदी आठ लाखांच्या हॅचबॅकलाही. समृद्धीवर वेगमर्यादा १२० आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच संपले. मग कोरड्यावर उत्तम टायरांनी साठ-बासष्ट मीटर. रस्ता ओला असून पकड जवळपास निम्म्यावर आली तर शंभरच्या वर. एकूण दीडशे मीटरच्या जवळ. यात टर्बो, एक्सड्राइव्ह, क्वाट्रो यांचा काडीचा हातभार नाही. उलट निसरड्या रस्त्यावर ही गाडी इतकी सहज वेग घेते की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचे गोळे टाकत जातात. तिथे ब्रेक लावायची वेळ आली की कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

टायरांवर म्हणूनच सगळं येऊन ठेपतं. अशा गाड्यांना २५५/३५ सारखं माप असतं. २५५ मिलिमीटर रुंदी, आणि टायरची भिंत तिच्या ३५ टक्के, म्हणजे ९० मिलिमीटरहूनही थोडी कमी. वळणावर ही बुटकी भिंत डगमगत नाही, म्हणून गाडी चपळ. पण खड्ड्यात आदळली तर रिमला वाचवायला मध्ये रबर कमी. समृद्धीसाठी ती बनली आहे असं वाटतं, अंबडच्या आतल्या रस्त्याला नाही. गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकावर ती तिरपी घालावी लागते. मेमध्ये सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास पळवायची असेल तर हवेचा दाब निघण्याआधी, टायर थंड असताना तपासायचा, कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेला ठेवायचा. 'उन्हाळा आहे, हवा कमी ठेवू' हे चुकीचं आहे. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो आणि त्यानेच जास्त तापतो.

शेवटी दोन गोष्टी, ज्या शोरूममध्ये कुणी आपण होऊन सांगत नाही. एक टायर फुटला म्हणून तेवढाच नवा, वेगळ्या कंपनीचा टाकून चालत नाही. नव्या टायरचा घेर झिजलेल्यांपेक्षा मोठा, त्यामुळे सरळ रस्त्यावरही ते चाक कमी फेरे घेतं. मधल्या क्लचला वाटतं कुठेतरी चाक घसरतंय, तो सतत काम करत राहतो, तापतो, झिजतो. टायर त्याच बनावटीचे आणि सारख्या झिजेचे हवेत, बहुतेक वेळा जोडीने किंवा चारही बदलावे लागतात. तो खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा. दुसरी गोष्ट ओढून नेण्याची. गाडी बंद पडली तर पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ठेवणाऱ्या क्रेनला हात लावू द्यायचा नाही, मधल्या पेटीची वाट लागते. फोनवर पहिलंच वाक्य हे असायला हवं: गाडी चारी चाकांची आहे, पूर्ण गाडी वर घेणारा सपाट ट्रक पाठवा.